हायस्कूलला किती शिक्षक, हे ठरतं कसं?

आज कर्जाचे हप्ते आणि व्याज जरा बाजूला ठेवू. गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते, "पोरगी दहावीला गेली, पण गणिताला सर नाहीत." मग कुणी हेडसरांना बोल लावतं, कुणी संस्थेला. आपल्या हायस्कूलला किती माणसं मिळणार, हे त्या दोघांच्या हातात फारसं नसतं. ते एका कागदावर ठरतं. त्या कागदाला म्हणतात संचमान्यता.

आपल्या भागातली बरीचशी हायस्कुलं अनुदानित आहेत. म्हणजे शाळा संस्थेची, पण पगार सरकारचा. कोणत्या शाळेत किती पदांना पगार द्यायचा, हे सरकार दरवर्षी पटावरून ठरवतं. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. आणि अलीकडे पटात तीच मुलं मोजायची रीत आहे, ज्यांचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळतं. दाखल्यावर 'सुरेखा' आणि आधारवर 'सुलेखा' असेल, किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असेल, तरी पोरगी अडकते. ती रोज वर्गात बसते, डबा खाते, परीक्षा देते, पण शिक्षकाच्या हिशेबात ती धरली जात नाही. अशी पाच-दहा मुलं कमी पडली की एक पद जाऊ शकतं. त्या पदावरच्या शिक्षकाला मग 'अतिरिक्त' ठरवून दुसऱ्या शाळेत पाठवतात.

आता आकड्यांचं थोडं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो आठवीपर्यंत लागू आहे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १ शिक्षक, असं त्यात आहे. समजा या तीन वर्गांत मिळून ७० मुलं आहेत. ३५ ने भागलं तर २ शिक्षक आले. पण त्याच कायद्यात पुढे म्हटलंय की गणित-विज्ञानाला एक, समाजशास्त्राला एक आणि भाषांना एक, असे निदान तीन हवेतच. नुसता भागाकार करणारा माणूस इथेच चुकतो. सरासरी चांगली दिसते आणि भूगोलाचे सर बीजगणित शिकवत असतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यामुळे कमी पटाच्या शाळांची पदं जातील, म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. वाडी-वस्तीच्या शाळांचा पट कमीच असणार, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटतं.

नववी-दहावी त्या कायद्यात येत नाही. तिथे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा आधार घेता येतो. त्यात ३० मुलांमागे १ शिक्षक, आणि गरीब वस्तीच्या भागात २५ मागे १, असं म्हटलं आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. मंजूर पद वेगळं आणि भरलेलं पद वेगळं. कागदावर आठ मंजूर, प्रत्यक्षात सहाच माणसं, असं सर्रास दिसतं. भरती पवित्र पोर्टलवरून होते, तिला वेळ लागतो. तोवर तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, किंवा तो तास तसाच जातो.

शिक्षकांबद्दल निदान बोललं तरी जातं. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळेतला माणूस यांच्याबद्दल कोण बोलतं? ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतला शिपाई निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा, असं ठरलं. ग्रामीण भागासाठी तो महिना ५,००० रुपये. २०२५-२६ मध्ये आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. २५ दिवसांचे ७,८०० झाले. म्हणजे घंटा देणं, झाडलोट, पाणी भरणं, संडास धुणं, एवढं सगळं मातीकामापेक्षा कमी पैशात. हे काम बहुतेक गावात बाईच्याच वाट्याला येतं, कधी आपल्याच गटातल्या. आणि ती आली नाही, तर मुलींच्या संडासाला कुलूप लागतं. पाळीच्या दिवसांत पोरी घरी राहतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

लिपिक नसेल तर दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती हे सगळं शिक्षकांवर येतं, तेही शिकवायच्या वेळात. आधारच्या नोंदी जुळवायचं कामही त्यातच. म्हणजे माणूस नाही म्हणून नोंद चुकते, आणि नोंद चुकली म्हणून आणखी एक माणूस जातो.

मग गटाने काय करायचं? जुलै-ऑगस्टमध्येच शाळेत जाऊन विचारा, किती मुलांचं आधार जुळत नाही. नावं घ्या आणि त्या आयांना सोबत घेऊन आधार केंद्रावर जा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांचे बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत उरका. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात. संस्थेच्या हायस्कुलात पालक-शिक्षक संघ असतो. तिथे संचमान्यतेचा कागद दाखवायला सांगा. त्यात मंजूर किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि कोणत्या विषयाची, एवढं बघा. लिपिक आणि शिपाई यांचंही विचारा.

कागद दाखवला नाही, तर जिल्हा परिषदेतल्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.