साखर, विषाणू आणि किडनी (लेखांक ६)

मधुमेह किडनीच्या गाळण्या कशा झिजवत नेतो, ते मागच्या लेखांकात पाहिले. अशा झिजत चाललेल्या किडनीत विषाणू शिरला तर काय होते? वऱ्हाडासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली झळ राज्यात अमरावती-अकोल्याकडेच बसली; २२ फेब्रुवारी २०२१ ला अमरावती शहर आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या लाटेतून उठलेल्या शुगरच्या पेशंटची छाती तपासली गेली, किडनी मात्र बहुधा राहूनच गेली. ती तपासायलाच हवी, असे माझे म्हणणे आहे.

याला आधार आहे बार्सिलोनाच्या संशोधक नुरिया मॉन्सेरात यांच्या कामाचा. मूळपेशींपासून त्यांच्या गटाने मानवी किडनीच्या चिमुकल्या प्रतिकृती वाढवल्या, त्यांतल्या काही मधुमेहासारख्या वातावरणात ठेवल्या आणि मग त्यांवर कोरोनाचा विषाणू सोडला. ‘एसीई-२’ हे प्रथिन म्हणजे विषाणूचे पेशीत शिरण्याचे दार. मधुमेही प्रतिकृतींत ते जास्त आढळले आणि संसर्गही जास्त झाला. मधुमेही रुग्णांच्या किडनीतून घेतलेल्या पेशींतही तेच दिसले. या पेशींची ऊर्जा तयार करण्याची रीतच बिघडलेली होती. औषधाने ती सावरल्यावर संसर्ग घटला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचे खरे मोल मला इथे वाटते, कारण मधुमेह आणि संसर्ग नुसते सोबत दिसत नाहीत, त्यांच्यामधला दुवाही हाती लागतो.

बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून संशोधक झियाद अल-अली यांचा २०२१ चा अभ्यास सोबत ठेवावा लागतो. अमेरिकेतल्या सुमारे ८९ हजार कोविडमुक्त माजी सैनिकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. घरीच बरे झालेल्यांतही पुढे किडनी बिघडण्याचा धोका वाढलेला दिसला, दवाखान्यात दाखल झालेल्यांत तो आणखी जास्त होता. हे बहुतांशी पुरुष, तेही परदेशातले; त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या दुखण्याचे खापर पाण्यावर फुटते. गावकऱ्यांची ही तक्रार मुळीच झटकून टाकण्यासारखी नाही, आणि गोड्या पाण्याची मागणी तर रास्तच आहे. मात्र पाण्याचा भार असेल तिथे साखर आणि संसर्ग यांच्याकडे काणाडोळा करणे दुप्पट महाग पडेल.

‘एसीई’ नाव ऐकून रॅमिप्रिल किंवा लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका. त्या बंद करून फायदा होतो का, हे ब्राझीलमध्ये कोविडच्या ६५९ रुग्णांवर पाहिले गेले. फायदा आढळला नाही. साखर असेल आणि कोविड होऊन गेला असेल, तर केवळ रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आले म्हणून निर्धास्त राहू नका. किडनीचे काम बरेच घटेपर्यंत ते नॉर्मल दिसू शकते. त्यासोबत लघवीतले अल्ब्युमिनही वर्षातून एकदा तपासून घ्या.