दारासमोरचा रस्ता आपला की सगळ्यांचा? प्लॉटिंग आणि सोसायटीतल्या पार्किंगचे नियम काय सांगतात

लग्नसराई किंवा दिवाळी आली की तालुक्याच्या गावातल्या नव्या प्लॉटिंगमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. पाहुण्यांची गाडी शेजारच्या घरासमोर लागते. घरमालक बाहेर येतो, "आमच्या दारातली जागा आहे, गाडी काढा" म्हणतो. पाहुणेही कमी नसतात, "रस्ता काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का?" असं विचारतात. मग आवाज वाढतो आणि वर्षानुवर्षांचं बोलणं बंद होतं. काही वेळा प्रकरण पोलिसात जातं.

गावात वाडा होता, खळं होतं, गाडीबैल सोडायला जागा होती. आता पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट आणि नोकरीला लागलेल्या मुलाचा पुण्याला फ्लॅट, अशी बऱ्याच घरांची स्थिती आहे. घर बांधताना जिना, हॉल, देवघर सगळ्याचा विचार होतो. गाडी मात्र रस्त्यावर.

आधी रस्ता कोणाचा ते बघू. एनए लेआउट मंजूर होतो तेव्हा नकाशात प्लॉट, रस्ते आणि खुली जागा वेगवेगळी दाखवलेली असते. रस्ते ग्रामपंचायतीकडे किंवा नगर परिषदेकडे हस्तांतरित झाले की ते सार्वजनिक होतात. तुमची मालकी खरेदीखतातल्या चतुःसीमेपर्यंत, कंपाउंडच्या बाहेर एक फूटही नाही. म्हणून घरासमोर दगड मांडणं, कुंड्या ठेवणं, लोखंडी अँगल रोवून साखळी लावणं, हे गाडी लावण्यापेक्षा मोठं चुकीचं काम आहे. ते अतिक्रमण ठरतं. ग्रामपंचायत हद्दीत असे अडथळे काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. स्वतःच्या हाताने रंगवलेल्या 'नो पार्किंग' पाटीलाही कायद्याचं बळ नाही.

पण घरमालकाची एक गोष्ट बरोबर असते. फाटकासमोर गाडी लावता येत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत हे स्पष्ट आहे. कुणाच्या घराच्या किंवा जागेच्या आत-बाहेर जाण्याच्या तोंडाशी, फूटपाथवर, बसथांब्याजवळ, शाळा-दवाखान्याच्या दारात गाडी उभी करायची नाही. लागलेल्या गाडीला लागून दुसरी गाडीही लावायची नाही. म्हणजे भिंतीसमोर गाडी लावली तर घरमालकाने मालकी सांगू नये, आणि फाटक अडवलं तर पाहुण्याने वाद घालू नये. अर्धी भांडणं इथेच मिटतील.

आता थोडा हिशोब. लेआउटचा रस्ता ९ मीटरचा धरला तर तो साडेएकोणतीस फूट होतो. चारचाकीला साधारण सहा फूट जागा लागते. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की बारा फूट गेले, उरले साडेसतरा. कागदावर हे पुरेसं दिसतं. प्रत्यक्षात एका बाजूला घराच्या पायऱ्या आणि रॅम्प दोन-तीन फूट पुढे आलेले, दुसऱ्या बाजूला वाळू-खडीचा ढीग, मध्ये विजेचा खांब. शिल्लक राहतात दहा-अकरा फूट. अग्निशमनाची गाडी सुमारे आठ फूट रुंद असते. ती सरळ कशीबशी निघेल, पण कोपऱ्यावर कुणाची जीप उभी असेल तर वळणार नाही. त्यासाठीच चौकाच्या जवळ गाडी लावायला बंदी आहे. नियमात हे अंतर ५० मीटर आहे. आपल्याकडे ५ मीटर सोडलं तरी पुष्कळ झालं, अशी स्थिती आहे.

आपल्या भागातला खास विषय म्हणजे सुटी ट्रॉली. ट्रॅक्टर सोडवून नेतात आणि ट्रॉली चाकाखाली दगड लावून रात्रभर रस्त्यावर. मागे रिफ्लेक्टर नाही. अंधारात दुचाकीवाला त्यावर जाऊन आदळतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे इतरांना धोका होईल अशा जागी वाहन किंवा ट्रॉली सोडून जाता येत नाही. कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेलं, अथवा मनाई असलेल्या जागी लावलेलं वाहन उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. टोइंगचा खर्च मालकाच्या अंगावर, दंड वेगळा. पार्किंगसारख्या किरकोळ चुकीला कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. दंड पडलाय का, हे महाट्रॅफिक अ‍ॅपवर बघता येतं.

इथे एक लक्षात घ्या, हा अधिकार पोलिसांचा आहे. सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीला कॉलनीच्या मंडळाने किंवा सोसायटीच्या वॉचमनने जॅमर लावायचा नाही, हवा सोडायची नाही. फाटक अडलं असेल तर गाडीचा फोटो काढा, नंबर दिसू द्या आणि ११२ ला फोन करा.

सोसायटीच्या आवारातलं गणित वेगळं. तिथे उपविधी चालतात. आदर्श उपविधींप्रमाणे पार्किंगची जागा सोसायटी देते, आधी येणाऱ्याला आधी. साधारण एका सभासदाला एकच जागा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. शुल्क किती ते सर्वसाधारण सभा ठरवते, एकटा चेअरमन नाही. मिळालेली जागा सभासदाला परस्पर विकता येत नाही.

फ्लॅट घेताना लोक फसतात ते बिल्डरच्या "पार्किंगचे वेगळे तीन लाख" या वाक्यावर. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की १९६३ च्या मोफा कायद्याखाली उघडी जागा आणि इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. २०१७ पासून महारेरा आलं. रेराच्या प्रकल्पात बंदिस्त, तळघरातल्या किंवा खांबांमधल्या पार्किंगचे पैसे घेता येतात, उघड्या जागेचे मात्र नाहीत. पैसे दिलेच तर पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची आणि जागा नोंदणीकृत करारात लिहून घ्या. महारेराने २०२४ मध्ये तसा आदेशच काढला आहे. साध्या कागदावरचा शिक्का पुढे कामाला येत नाही. खांब मध्ये आल्याने गाडीचं दारच उघडत नाही, हे ताबा घेतल्यावर कळून उपयोग नसतो.

गावाकडून ज्वारीची पोती घेऊन पिकअप मुलाच्या सोसायटीत नेणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुलाला गाडीचा नंबर कळवावा आणि त्याने तो गेटवर लिहून ठेवावा. पाहुण्यांसाठी जागा किती, रात्री मुक्काम चालतो का, हे प्रत्येक सोसायटीत वेगळं असतं. वॉचमन बिचारा सांगितलेलं काम करतो. सोसायटीने केलेला दंड चुकीचा वाटला तर सभासदाने, म्हणजे मुलाने, लेखी विचारावं. आदर्श उपविधींप्रमाणे आधी नोटीस आणि मग सर्वसाधारण सभेचा निर्णय लागतो, आणि वर्षाला ५ हजारांच्या वर दंड करता येत नाही. तरीही मिटलं नाही तर निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.