चिलखतातला हात

बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन' (1923) मधला तिसरा प्रवेश आम्ही यंदा मंडळासाठी मराठीत करायला घेतला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष होतं जोनच्या छातीवरच्या चिलखताकडे. ते झकास झालं. हातमोजे मात्र 'बघू शेवटी' म्हणून राहिले, आणि शेवटी घाईघाईत जे काही झालं ते पहिल्या रंगीत तालमीत नडलं.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ल्वार नदीकाठी सेनापती द्युन्वा वारा बदलायची वाट बघत अडकून पडलाय. पश्चिमेचा वारा सुटल्याशिवाय होड्या प्रवाहाविरुद्ध जात नाहीत. जोन येते, दोघांची हुज्जत होते, आणि अचानक वारा फिरतो. द्युन्वा गुडघे टेकतो आणि आपला सेनापतीचा दंड तिच्या हातात देतो. सगळा प्रवेश ह्या एका क्षणासाठी लिहिलाय म्हटलं तरी चालेल. आमच्या जोनने दंड घेतला, आणि तो तिच्या हातून सटकून घरंगळत विंगेत गेला. मूठच मिटत नव्हती! द्युन्वासकट सगळे हसले. प्रयोगात असं झालं असतं तर चमत्कार राहिला बाजूला, लोक त्या दंडाचीच गोष्ट सांगत घरी गेले असते. म्हणून हातमोज्यांचं काम पहिल्यापासून केलं. पुढच्या बॅचला उपयोगी पडेल म्हणून ते इथे लिहून ठेवते.

पहिला प्रश्न: खरे कसे होते? 1429 मध्ये तूरच्या एका कारागिराने जोनसाठी चिलखत बनवलं. त्यासाठी 100 लिव्र दिल्याची नोंद हिशेबात आहे, पण तिचं म्हणून खात्रीने दाखवता येईल असं चिलखत आज उरलेलं नाही. पॅरिसच्या न्यायालयातल्या एका कारकुनाने त्याच वर्षी 10 मे रोजी वहीच्या समासात तिचं चित्र काढलं. त्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं. त्या चित्रात तिच्या अंगात झगा आहे, हाताशी निशाण आणि तलवार आहे, चिलखत नाहीच. त्यामुळे 'अचूक' म्हणजे 'तिच्या काळात शोभेल असं', एवढाच अर्थ घ्यायचा. एक गैरसमज आधीच काढून टाकते: तिच्या चिलखताला जुन्या कागदांत 'पांढरं' म्हटलंय ते रंगामुळे नव्हे. वर कापड किंवा रंग न चढवलेलं, घासूनपुसून लख्ख केलेलं उघडं पोलाद, असा त्याचा अर्थ. आमच्यातल्या एकाने पांढरा ऑइल पेंट आणलाच होता!

नमुना म्हणून आम्ही 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्डचे हातमोजे धरले. तो 1376 मध्ये वारला. कँटरबरी कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर त्याची युद्धसामग्री टांगलेली असायची. आता वर प्रतिकृती आहेत आणि मूळ वस्तू वेगळ्या जपून ठेवल्यात. हे हातमोजे जोनच्या आधी पन्नासेक वर्षांचे, म्हणजे जरा जुन्या वळणाचे. तिच्या वेळेपर्यंत मनगटापुढचा भाग लांब होत चालला होता आणि इटलीकडे बोटं एकत्र झाकणारे पंजे वाढत होते. तरी आम्ही सुट्या बोटांचा नमुना घेतला. दंड धरणारी बोटं प्रेक्षकांना दिसायला हवी होती.

ह्या हातमोज्याची रचना एकदा समजली की अर्धं काम होतं. हाताची पाठ आणि मनगटापुढचा घेर मिळून एकच पत्रा. मनगटापाशी त्याला कंबर, पुढे पुन्हा फुललेला, उभ्या डमरूसारखा. घेर ऐसपैस असल्याने मनगट आतल्या आत फिरतं. बोटांवर छोटे छोटे खवले, ते चामड्याच्या पट्टीवर रिबिटांनी ठोकलेले आणि ती पट्टी आतल्या चामडी मोज्याला शिवलेली. अंगठ्याचं आवरण वेगळं. आणि तळहात? तिथे धातू नाहीच, नुसतं चामडं. तलवारीची मूठ, लगाम, निशाणाची काठी, जे काही धरायचं ते चामड्याने धरायचं. जोनने खटल्यात सांगितलं होतं की तिला तलवारीपेक्षा निशाण चाळीस पट प्रिय आहे आणि कुणाला मारावं लागू नये म्हणून लढाईत ती ते स्वतः धरायची. म्हणजे तिला तर पकड हवीच.

कुणीतरी सुचवलं की ऐतिहासिक नाटकवाल्यांकडून दांडपट्ट्याचा खोबळा आणूया, दिसायला भारी असतो. दिसतो, पण दांडपट्ट्यात हात खोबळ्याच्या आत असतो आणि आतली आडवी दांडी धरायची असते. मनगट मुद्दामच ताठ ठेवलेलं असतं. त्यात दुसऱ्याने दिलेला दंड घेणार कसा? आपला दस्ताना कोपरापासून मनगटापर्यंतचा हात झाकतो, तोही वेगळाच प्रकार. (जाता जाता: आमच्या वाड्यावर गुड फ्रायडेला रोमन शिपायांना चंदेरी रंगवलेले क्रिकेटचे ग्लोव्ह्ज घालतात. रोमन शिपाई उघड्या हातांनीच लढायचे, तेव्हा तिथे काही न घालणं जास्त अचूक आणि फुकट!)

आता मोजा निवडणं. बाइकचे ग्लोव्ह्ज नकोत: गाठींवर पॅड, मनगटाला वेल्क्रो, वर कंपनीचं नाव. वेल्डिंगचे जाड नि ढगळ असतात. लोकरीचे ताणले जातात आणि त्यावर लावलेलं सगळं लोंबतं. आम्ही सेफ्टीच्या सामानाच्या दुकानातून पातळ, फिक्या चामड्याचे कामाचे हातमोजे घेतले. घेताना ज्याच्या हातात जायचेत त्यालाच घेऊन जा आणि दुकानातच मूठ मिटवून बघा. बोटाच्या टोकाला रिकामी जागा राहिली तर पुढचा खवला कायम डुगडुगणार.

आमची खरी चूक चिकटवण्यात होती. खवले आणि पाठ आम्ही फोमची केली होती, पाठीला 5 मिलिमीटर आणि बोटांना 2 मिलिमीटर जाडीचा. ते ठीकच होतं. पण मोजा टेबलावर सपाट ठेवून, सगळी पाठ चपलांच्या पिवळ्या सोल्युशनने पक्की चिकटवली. आता आपल्या हाताच्या पाठीकडे बघा आणि मूठ मिटा. कातडी गाठींवर ताणली जाते, म्हणजे मुठीत पाठीची बाजू लांब होते. चामडं तेवढं ताणलं जातं, त्याला चिकटलेला फोम ताणला जात नाही. मग एक तर मूठ अर्धीच मिटते, नाहीतर फोम सुटतो. आमचं दोन्ही झालं.

दुसऱ्या वेळी मोजा घालून, हातात तोच दंड धरायला लावून, वर मास्किंग टेप लावली आणि गाठी, सांधे, मनगट पेनने आखून घेतलं. त्यावरून कागदी फर्मा कापला. पाठीचा डमरू एकसंध ठेवला, हीट गनने तापवून हाताच्या उतारावर वळवला. मोज्याला तो जोडला फक्त गाठींच्या ओळीत, सात-आठ टाक्यांनी. मनगटाकडची बाजू मोकळी, फक्त आतून एक रुंद इलॅस्टिक, ज्यातून हात जातो. मूठ मिटली की पाठ किंचित पुढे सरकते, उघडली की मागे येते. सगळी जादू ह्या मोकळेपणात आहे.

बोटांचे खवले एकेक करून मोज्यावर चिकटवू नका. चामड्याच्या अरुंद पट्टीवर ते लावा, प्रत्येक खवला फक्त एका कडेने, म्हणजे एकमेकांवरून सरकतील. मग पट्टी मोज्याला गाठीशी आणि टोकाशी शिवा. बोट वाकवल्यावर सांध्यावर फट दिसली तर खवला लहान पडलाय. तो बदला, ताणून भागत नाही. शिवताना मोज्याच्या बोटात जाड मार्कर घाला, नाहीतर सुई खालच्या बाजूलाही जाते आणि बोटच बंद होतं. ही युक्ती म्हापशाच्या बाजारात बसणाऱ्या एका मोचीकाकांची. मेण लावलेला दोराही त्यांनीच दिला आणि पैसे घेतले नाहीत. "तुमच्या सांतिणीसाठी," म्हणाले.

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्यायचं आणि मगच दाबायचं. वास डोक्यात जातो, तेव्हा व्हरांड्यात बसा. रंग शिवण्याआधी द्या: पातळ केलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचे तीन हात, वर काळा, आणि तो वाळल्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी. काळा कडांशी थोडा राहू दे, त्याने पोलाद जड दिसतं.

घालताना हातमोजे सगळ्यांत शेवटी, आणि त्यांचा घेर दंडावरच्या चिलखताच्या बाहेरून. आत खुपसला की मनगट अडकतं. दुसरा हातमोजा घालायला कुणाची तरी मदत लागतेच, तेव्हा विंगेत एकाला उभं करा.

प्रयोगात द्युन्वाने दंड दिला आणि तिने तो घट्ट धरला. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या सरांनी नंतर विचारलं ते फक्त वाऱ्याच्या आवाजाबद्दल. हातमोजे आता मंडळाच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत. आतून घामाने ओले होतात, म्हणून वापरल्यावर उलटे टांगून सुकवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते, जूनच्या आधी एकदा उन्हं दाखवा. उजव्या अंगठ्याचा टाका सैल झालाय, पुढे कुणी वापरणार असेल तर तो आधी घ्यावा.