बुडण्याआधी रंगवलेले गाव

लंडन : दुसऱ्या महायुद्धातले इंग्लंड म्हटले की जळणारी घरे आणि भुयारी रेल्वेत रात्र काढणारी माणसे आठवतात. या देशाचे मन जाणायचे, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली त्याच काळातली शांत जलरंगचित्रेही पाहायला हवीत. नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने आणि पिलग्रिम ट्रस्टच्या पैशावर ‘रेकॉर्डिंग ब्रिटन’ योजनेत १९४० ते १९४३ दरम्यान दीड हजारांहून अधिक चित्रे तयार झाली. जुनी चर्च, शेतघरे, गावातले रस्ते हे त्यांचे विषय. तरीही मी त्यांना युद्धचित्रेच म्हणेन, कारण लढायचे ते कशासाठी, याची ती नोंद आहे.

डर्बीशरमधले ॲशॉप्टन घ्या. ॲशॉप आणि डर्वेंट नद्यांच्या संगमाजवळच्या या गावातले जुने टोलघर केनेथ राउंट्री यांनी १९४० मध्ये रंगवले. गावाच्या मुळावर उठले होते ते जर्मन विमान नव्हे, लेडीबाउर धरण. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टरला पाणी हवे होते. धरणाचे काम १९३५ मध्ये सुरू झाले, १९४५ मध्ये जलाशय भरला आणि ॲशॉप्टन बुडाले. शत्रूचा बॉम्ब आणि स्वतःचा विकास, दोन्हींपासूनचा धोका या योजनेने ओळखला, हे तिचे मोठेपण.

यावर कोणी म्हणेल, नोंदीला कॅमेरा पुरेसा होता. इमारतींची छायाचित्रे जमवण्यासाठी १९४१ मध्ये स्वतंत्र संस्था निघालीही. पण चित्रकार तासन्‌तास एका जागी बसतो, काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते ठरवतो. जिव्हाळा कशात आहे, हे त्या निवडीतून कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या चित्रांत गोंडस, जुने इंग्लंडच जास्त दिसते, कारखान्यांची शहरे कमी. ते खरेच आहे. मात्र ज्याला कोणी स्मारक म्हणणार नाही असे टोलघरही इथे चित्राच्या लायकीचे ठरले. माणसे मरत असताना ही चैन कशाला, असेही विचारता येईल. नॅशनल गॅलरीतली मौल्यवान चित्रे सुरक्षिततेसाठी वेल्समध्ये हलवली होती. १९४१ मध्ये लंडनच्या त्याच गॅलरीत ही नवी चित्रे मांडली गेली. राउंट्री स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, शस्त्र न धरणारे. देशाची सेवा कुंचल्यानेही होते, हे इथल्या शासनाने ऐन युद्धात मानले.

कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेली गावे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातून एक मागणी करता येईल. धरण अटळ असेल, तर बुडणाऱ्या गावाची जाणत्या हातांनी केलेली नोंद प्रकल्पाच्या खर्चातच धरली पाहिजे.