नकाशावर नसलेले गाव

आमच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा टांगलेला आहे. पहिल्या वर्षाला आलो तेव्हा मी त्यावर माझे गाव शोधले. ते सापडले नाही. गावाच्या जागी नुसता हिरवा रंग होता. त्या रंगाखाली आमची घरे, बोडी आणि आजोबांची धानाची बांधी आहे, हे नकाशाला ठाऊक नव्हते. तेव्हापासून नकाशा कोण काढतो आणि कोणासाठी काढतो, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

आपल्याकडे नकाशांची वाण नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून काम करीत आहे. वनखात्याकडे कक्षांचे नकाशे आहेत, भूमी अभिलेख खात्याकडे गावनकाशे आहेत, बांधकाम खात्याकडे रस्त्यांचे आहेत. अडचण अशी की, जमीन एकच असली तरी प्रत्येक कपाटातला नकाशा वेगळा आणि त्याचे प्रमाणही वेगळे! वनखाते ज्याला कक्ष क्रमांक म्हणते, त्याच जागेला तलाठ्याच्या दप्तरात दुसराच क्रमांक असतो आणि गावकरी तिला तिसऱ्याच नावाने ओळखतात.

भौगोलिक माहिती प्रणाली ही या दुखण्यावरची तोड आहे. समजा, पारदर्शक कागदांवर आपण एकेक गोष्ट काढली : एकावर नद्या, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर वस्त्या, चौथ्यावर आरोग्य केंद्रे. अक्षांश-रेखांश जुळवून हे कागद एकमेकांवर ठेवले, की सुटे सुटे पाहताना न दिसणारी गोष्ट दिसू लागते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पूर अमुक उंचीवर आला तर कोणती गावे दवाखान्यापासून तुटतील, हे या प्रणालीवरून पावसाळ्यापूर्वीच सांगता येते. औषधे आणि धान्य आधी कोठे पोचवावे, हे त्यावरून ठरविता येते. संगणक हेच कागद जुळविण्याचे काम करतो.

या कामाचा पाया आपल्या देशात बराच आधी घातला गेला. मार्च १९८८ मध्ये आय.आर.एस.-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला, आणि त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. २००९ मध्ये इस्रोने ‘भुवन’ सर्वांसाठी खुले केले. २०२१ मध्ये नकाशांवरील अनेक बंधने शिथिल झाली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले.

मात्र उपग्रहाची नजर कितीही दूरची असली तरी तिला मर्यादा आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल तयार करते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रातील एक चौकोन जमिनीवर साडेतेवीस मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे एका एकरात जेमतेम सात चौकोन! शिवाय एक हेक्टरहून अधिक जागेवर दहा टक्क्यांहून जास्त वृक्षछाया असली, की ती जागा वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची हे त्यात पाहिले जात नाही. आजोबांनी बांधीच्या धुऱ्यावर मोहाची झाडे राखली. एकही तोडले नाही. मोबाईलवरच्या उपग्रहचित्रात ती बांधी शोधायला गेलो, तर झाडांच्या सावलीत ती शेजारच्या जंगलात मिसळून गेलेली दिसली. झाडे तोडली असती तर शेत ठळक दिसले असते!

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वैयक्तिक हक्कासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. आमचा दावा अजून निकालात निघालेला नाही. समाधान एवढेच, की २०१२ मध्ये दुरुस्त झालेले नियम स्पष्ट सांगतात : उपग्रहचित्र पूरक पुरावा म्हणून घ्यावे, इतर पुराव्यांच्या जागी एकमेव पुरावा म्हणून नव्हे. वडीलधाऱ्यांचे जबाब, जुने बांध, बोडी यांचेही मोल आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. आपले जंगल कोठून कोठवर आहे, हे तेथील ग्रामसभेला माहीत होते. नाल्यांची, टेकड्यांची, देवस्थानांची नावे गावाच्या तोंडी असतात. हे ज्ञान राष्ट्रीय नकाशात चढले नाही, तर तो नकाशा अचूक असूनही अपुराच राहील.

म्हणून मित्रहो, माझी एक सूचना आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलात की कोतवाल, गायता आणि म्हाताऱ्या आज्या यांना सोबत घेऊन शिवार फिरा. नावे लिहून घ्या, जागा टिपून ठेवा आणि ग्रामसभेपुढे ठेवा. भूगोल विभागातल्या त्या भिंतीवर माझ्या गावाचा ठिपका मी यंदा पेन्सिलीने काढला आहे. सरांनी तो पाहिला, पण पुसला नाही.