हेल कसा लागतो?

पोलादपूरकडून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठावे आणि पाचगणीवरून पसरणीच्या घाटाने खाली उतरावे, की कृष्णाकाठचे वाई लागते. घाट ओलांडला की बोलही पालटतो. समजा, कोकणातील एक मुलगा वाईच्या शाळेत दाखल झाला. आरंभी त्याचा कोकणी हेल वर्गात चटकन ओळखू येतो. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी जातो, तेव्हा आई हसून म्हणते, "अरे, तू तर घाटावरचा झालास!" मुलगा चकित होतो, कारण आपण कोणाचे अनुकरण करीत आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण येथे सहज आठवते. परंतु ती अर्धीच खरी आहे. कोकणातूनच आलेला, त्याच बाकावर बसणारा दुसरा मुलगा वर्षभरानंतरही आपला हेल सोडीत नाही. शेजार तोच, मग गुण एकालाच का लागावा?

तोंडासमोर तळहात धरून, ओठ नीट मिटवून आधी 'प' व मग 'फ' म्हणून पाहा. 'फ' म्हणताना हाताला श्वासाचा झोत लागतो. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या शब्दारंभीच्या 'प'लाही असा थोडा झोत असतो. अमेरिकेतील काही भाषाशास्त्रज्ञांनी एका निवेदकाच्या आवाजातील हा झोत यंत्राच्या साहाय्याने लांबविला व ती गोष्ट लोकांना ऐकविली. अनुकरण करा, असे कोणी सांगितले नव्हते. तरीही पुढे श्रोत्यांच्या स्वतःच्या उच्चारातील झोत लांबला. मात्र सर्वांचा सारखा नव्हे! ज्यांना निवेदकाविषयी आपुलकी वाटली, आणि ज्यांचा स्वभाव नव्याचे कुतूहल बाळगणारा होता, त्यांचा अधिक लांबला. हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला.

मन दुखावले तर याच्या उलटही घडते. ब्रिटनमधील वेल्स प्रदेशात काही लोक आपली वेल्श भाषा शिकत होते. एका प्रयोगात त्यांना अस्सल इंग्रजी ढंगाच्या आवाजात विचारण्यात आले, "ही मरणपंथाला लागलेली भाषा शिकता तरी कशाला?" उत्तर देताना त्यांच्या इंग्रजीतील वेल्श हेल अधिकच ठळक झाला. हा प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला.

वाईच्या त्या दुसऱ्या मुलाला कोणी हट्टी म्हणेल. पण शाळेच्या पहिल्याच दिवशी त्याने तोंड उघडले, तेव्हा सारा वर्ग खदखदून हसला होता.