नऊ गुंठ्यांना साडेतीन कोटी किलोमीटरचा बांध

एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. निकेल आणि लोह यांच्या संयुक्त हायड्रॉक्साइडची पिवळट भुकटी घ्या आणि तिचा थर न् थर सुटा करा. मग प्रत्येक थराच्या दोन्ही बाजू मोजा. बेरीज होते सुमारे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. हिशेब सोपा आहे. या थरात धातूचा एक अणू ०.०८ चौरस नॅनोमीटर जागा अडवतो, आणि ग्रॅमभर भुकटीत असे अणू असतात ५५ वर वीस शून्यं.

या पदार्थांचं नाव लेयर्ड डबल हायड्रॉक्साइड, थोडक्यात एलडीएच. रचना चिकणमातीसारखी, पण विद्युतभार उलटा. आपल्या काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइटचे थर ऋणभारित असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियमसारखे धनभारित आयन बसतात. त्याच फटीत पाणी शिरलं की माती फुगते, उन्हाळ्यात ते निघून गेलं की शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एलडीएचमध्ये थर धनभारित आणि फटीत कार्बोनेटसारखे ऋणभारित आयन. या कुळातलं मूळ खनिज हायड्रोटाल्साइट १८४२ मध्ये नॉर्वेतल्या स्नारूम इथल्या नमुन्यांवरून नोंदलं गेलं. आज ते अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांतही वापरलं जातं. फटीसकट एका थराची जाडी सुमारे ०.७७ नॅनोमीटर. मिलिमीटरभर उंचीच्या चळतीत १३ लाख थर मावतात.

हे सगळं कशासाठी? पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढण्यासाठी. त्यात हायड्रोजनची बाजू तशी सुरळीत चालते, घोडं अडतं ते ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायचा तर चार इलेक्ट्रॉन एकामागून एक काढून घ्यावे लागतात. कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात वर आणखी काही दशांश व्होल्ट मोजावे लागतात. हा वरचा भुर्दंड कमी करणं हे उत्प्रेरकाचं काम.

संशोधक तुलनेसाठी चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर एवढा प्रवाह धरतात. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या इलेक्ट्रोडवर दर सेकंदाला ऑक्सिजनचे दीड कोटी अब्ज रेणू तयार होतात. आकडा ऐकून गरगरायला होतं, पण तासभर थांबून वायू गोळा केला तर हाती लागतो जेमतेम सव्वादोन मिलिलिटर. मग मोठ्या प्रमाणावर हायड्रोजन काढायचा म्हणजे अशा किती नखांचं काम, याचा अंदाज करा.

यातली लोहाची गोष्ट तर अजबच. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की निकेल ऑक्साइडच्या पातळ थरात ०.०१ टक्का लोह असलं तरी ऑक्सिजन सुटण्यावर त्याचा परिणाम दिसतो. म्हणजे दहा हजारांत एक अणू. २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी उलट्या बाजूने तपासलं. त्यांनी इलेक्ट्रोलाइटमधलं लोह काटेकोरपणे काढून टाकलं, तेव्हा निव्वळ निकेल हायड्रॉक्साइड अगदीच सुमार उत्प्रेरक ठरलं. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये अशुद्धी म्हणून लेशमात्र लोह असतं. निकेल ते शोषून घेत होतं आणि श्रेय मात्र स्वतः खात होतं! त्याआधी वर्षभर, २०१३ मध्ये, स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने निकेल-लोह एलडीएच कार्बनच्या नॅनोनळ्यांवर वाढवून त्याची ताकद दाखवली होती.

आता नऊ गुंठ्यांकडे वळू. एवढं क्षेत्र हाती आलं म्हणजे काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण २०१४ मध्येच लोझानच्या ईपीएफएल संस्थेत एलडीएचचे थर सुटे केले, तेव्हा त्यांची कामगिरी बाजारातल्या इरिडियम ऑक्साइडपेक्षा सरस ठरली. आणि त्याचं मुख्य कारण निव्वळ वाढलेलं क्षेत्रफळ नव्हतं. वाढल्या होत्या कडांवरच्या कार्यक्षम जागा आणि थरांची विद्युतवाहकता. म्हणजे पीक येतं ते मुख्यतः बांधावर.

मग बांधच मोजू. एक मायक्रॉन बाजूचा चौकोनी थर घेतला तर हजारातला एकच धातू-अणू कडेला येतो. तोच थर ५० नॅनोमीटर बाजूचा केला की हजारात २१ अणू. अशा बारीक थरांच्या ग्रॅमभर भुकटीतल्या सगळ्या कडा एकापुढे एक ठेवल्या तर लांबी भरते साडेतीन कोटी किलोमीटरहून जास्त. पृथ्वी ते चंद्र हे अंतर त्यात नव्वदहून अधिक वेळा बसेल. तुकडे लहान केल्याने क्षेत्रफळ तेवढंच राहिलं, बांध मात्र वीसपट वाढला.

इरिडियमशी तुलना का? आम्लयुक्त पडद्याच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये तोच धातू लागतो, आणि जगात तो वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो. पोलाद बनतं १८० कोटी टनांच्या वर. लोह आणि निकेल क्षारीय द्रावणात काम करतात, आणि तिथे टंचाईचा प्रश्न उरत नाही.

व्होल्टचा एक दशांश वाचला तर काय होतं, तेही पाहू. एक किलो हायड्रोजनला सुमारे २६,६०० अँपिअर-तास प्रवाह लागतो, त्यामुळे ०.१ व्होल्टमागे २.६६ युनिट वाचतात. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. तेवढ्या उत्पादनावर हीच बचत होते १,३३० कोटी युनिट. कोयनेचे सगळे टप्पे, १,९६० मेगावॅट, पूर्ण क्षमतेने अहोरात्र चालवले तर एवढी वीज तयार व्हायला २८३ दिवस लागतील.

खरी कसोटी टिकण्याची. कारखान्यातल्या इलेक्ट्रोलायझरने साठ ते ऐंशी हजार तास, म्हणजे सात ते नऊ वर्षं चालावं अशी अपेक्षा असते. या काळात लोहाचे अणू द्रावणात विरघळत राहतात आणि पुन्हा येऊन बसतात, म्हणून द्रावणात थोडं लोह असलेलंच बरं. नखाएवढ्या इलेक्ट्रोडवर ०.२ मिलिग्रॅम भुकटी आहे आणि सगळं काम बांधावरचं लोहच करतं असं धरलं, तर १० मिलिअँपिअरलाही कडेच्या प्रत्येक लोहजागेला सेकंदाला अडीचहून अधिक रेणू सोडावे लागतील. ऐंशी हजार तासांत ते होतात सुमारे ७६ कोटी, आणि कारखान्यातला प्रवाह याच्या किमान वीसपट असतो.